भिंतीवरची पापडी आणि केळीतला लव्हाळा

मे महिन्यात धुळ्याचा पारा चव्वेचाळीसला टेकला की घराच्या मागच्या भिंतीवर करपलेली काळपट पापडी शोधा. तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि बघत उभे राहा. थोड्याच वेळात पापडी हिरवी होते. आत वळलेली इवली इवली पाने उलगडतात. आपण याला शेवाळ म्हणतो, पण हे मॉस. त्याला खरी मुळे नाहीत, फूल नाही, बी नाही. ते पाणी पिते अंगानेच, आणि पाणी संपले की वाळून पडून राहते, मरत नाही. त्याची नर-पेशी मादीपर्यंत पोहत जाते, त्यासाठी पाण्याचा पातळ थर तरी लागतोच. म्हणजे सगळ्या खानदेशाची लग्नसराई उन्हाळ्यात, आणि याची पावसाळ्यात!

आता रावेर-यावलच्या केळीबागेत चला. तिथला लव्हाळा सगळ्यांना गवत वाटतो. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतील. गवताचा दांडा गोल असतो. लव्हाळा सायपरेसी कुळातला. त्याला फुले येतात, बी धरते. नात्याने तो ज्वारीचा दूरचा भाऊ, मॉसशी त्याचे नाते फारच लांबचे. मॉसचा वंश 40 कोटी वर्षांहून जुना, तेव्हा पृथ्वीवर फूलच नव्हते.

लव्हाळ्याची करामत जमिनीखाली आहे. गाठींची माळच असते ती. कोळपे माळ तोडते, आणि तुटलेली गाठ नवे रोप होऊन वर येते. 1977 साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी झाली, तीत पहिला नंबर याचाच. गंमत म्हणजे शेतकरी ज्या गाठींना शिव्या घालतो, त्याच दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून येतात.

असल्या तणाच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'चिंता नाही' असा शेरा आहे. तो नसता तरी चालले असते! मॉसची गोष्ट वेगळी. आपल्या जिल्हावार वनस्पतीसूची बहुधा फुलणाऱ्या झाडांच्याच असतात, त्यामुळे ते मोजणीतच येत नाही. आणि ते वाचते ते जागेसकट: ओला कातळ आणि वरची सावली राहिली तरच.

यंदा श्रावणात पाटणादेवीला किंवा सातपुड्यात पालला जाल तेव्हा खिशात एक भिंग ठेवा. फक्त खडकावरची हिरवी साय खरवडू नका.