उपचार संपले, घास अडला

मिरजेत किंवा कराडला तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) संपले, डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख देऊन घरी सोडलं, की घरच्यांना वाटतं, सुटलो. पेशंटचं खरं अडतं ते तिथून पुढे, ताटावर बसल्यावर.

धडधाकट माणसाचं तोंड साधारण चार-पाच सेंटिमीटर उघडतं. तीन बोटं उभी आत जातात. ऑपरेशन आणि शेकानंतर जबड्याचे स्नायू आखडतात, कधीकधी एक बोटसुद्धा जेमतेम शिरतं. लाळग्रंथींवर शेक बसला असेल तर लाळ आटते. मग ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून कुस्करून खावी लागते, तिखट झोंबतं, पातळ पदार्थ ओठाच्या कडेनं ओघळतो. चारचौघांत जेवायची लाज वाटू लागते. माणूस लग्न-बारसं टाळतो, गावच्या जत्रेला पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. बोलणं नीट कळत नाही म्हणून फोन घेत नाही. त्यात घरातलंच कुणी त्याचं ताट-तांब्या वेगळं ठेवतं. कर्करोग उष्ट्यातून लागत नाही, हे पेशंटपेक्षा त्याच्या घरच्यांना बसवून सांगायला हवं. जबड्याचे व्यायाम रोज, नेटानं करावे लागतात आणि एकटं पडलेलं माणूस तेच आधी सोडतं.

उपचारानंतरही न सुटणाऱ्या तंबाखूच्या सवयींत सगळ्यात चिवट मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना लावायची. साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांत कितीतरी बायकांची सकाळ तिच्यावाचून सुरू होत नाही. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,' म्हणतात. निकोटीन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं, म्हणून तलफ एवढी पक्की. संशोधक डॅनली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवलं, की गाठीभोवतीचं वरून चांगलं दिसणारं अस्तरही आधीच बिघडलेलं असतं. गाठ काढली तरी ते अस्तर तोंडातच राहतं, आणि त्यावर पुन्हा मिश्री लागली तर दुसरी गाठ उठण्याचा धोका वाढतो. बाई निर्धारानं सोडते; पण घरात सासू किंवा जाऊ सकाळी तवा तापवते, तो खरपूस वास येतो आणि बोट डबीकडे वळतं. तिला रागावून उपयोग नाही. मिश्री सोडायची तर साऱ्या घरानं मिळून.

1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. मन खचलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416. हे दोन्ही आकडे पेशंटच्या फाइलवरच ठळक छापावेत. आणि तपासणीला बोलावताना डॉक्टरांनी सांगावं: घरी मिश्री जी भाजते, तिलाही सोबत आणा.