पिकअपचं इंजिन उचलताय? फाउंडेशन रबर बदलण्याआधी हे वाचा



माल वाहून वाहून पिकअप-टेम्पोच्या इंजिन फाउंडेशनची रबरं बसतात. मग गाडी न्यूट्रलला उभी असताना केबिन थरथरते, क्लच सोडताना खालून ‘धाड्’ आवाज येतो. रबरावर डिझेल किंवा ऑइल गळत असेल तर आधी ती गळती काढा, नाहीतर नवं रबरही फुगून मऊ पडेल. (बहुतेक ट्रॅक्टरना हे लागू नाही. तिथं इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलेलं असतं.)

बरेच जण हे काम घरीच करतात. खरा धोका इंजिन उचलताना असतो.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. रानात नको. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. खाली शिरायचं असेल तर चॅसीखाली घोड्या लावूनच.

जॅक थेट ऑइल चेंबरला लावू नका. चेंबर पत्र्याचा असतो. तो आत दबला की ऑइल ओढणाऱ्या जाळीचं तोंड बंद होतं आणि रबराच्या कामात इंजिन जातं. ॲल्युमिनियमचा असेल तर तडकतो. मध्ये जाड, रुंद फळी घ्या.

दोन्हीकडचे नट फक्त ढिले करा, मग उचला. किती? रबरावरचं वजन सुटेल एवढंच, इंच-दीड इंच. एकानं जॅक मारायचा, दुसऱ्यानं वरून बघायचं: पंखा रेडिएटरला लागतोय का, होस पाइप, वायरी, सायलेन्सर ताणले जातायत का. ताण दिसला की थांबा.

हायड्रॉलिक जॅकचं सील गेलेलं असेल तर तो आवाज न करता हळूहळू बसतो. म्हणून उचलल्यावर लगेच फळीखाली दुसरा पक्का टेका द्या. एका वेळी एकच रबर काढा. बोल्टचं भोक जुळतंय का ते बोटानं चाचपू नका, टॉमी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर वापरा. इंजिन दोन सूत जरी सरकलं तरी ब्रॅकेटमध्ये बोट राहत नाही.

चेन कप्पी असेल तर उत्तमच, पण ती शेडच्या पाइपाला किंवा आंब्याच्या फांदीला नको! साखळी इंजिनच्या हुकातच अडकवा.

रबरं जोडीनं बदला. इंजिन खाली बसल्यावरच नट पक्के आवळा, दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. आवाज तरीही राहिला तर गिअरबॉक्सखालचं रबर बघा. ते बऱ्याचदा विसरलं जातं.