पान पिवळे पडण्याआधी

पान पिवळे पडले की पिकाचा बिघाड लक्षात येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. पान मात्र त्याची खबर आधीच देत असते. हरितद्रव्याने शोषलेला प्रकाश प्रकाशसंश्लेषणात खर्च होतो, काही उष्णता होऊन जातो आणि एक-दोन टक्के लाल प्रतिदीप्ती म्हणून बाहेर पडतो. एक वाट अडली की इतर वाटांवरचा भार बदलतो. अंधारातले पान उजेडात येताच ही प्रतिदीप्ती उसळून ओसरते, हे काउट्स्की आणि हिर्श यांनी 1931मध्ये नोंदवले. आज कॅमेरा ही उसळी पानभर टिपतो. अर्धा तास अंधारात ठेवलेल्या पानावर तीव्र झोत टाकून काढलेले, प्रतिदीप्तीतली वाढ भागिले तिची कमाल पातळी हे गुणोत्तर निरोगी पानात सुमारे 0.83 भरते. अ‍ॅट्राझीनसारखे तणनाशक प्रकाशसंश्लेषणातली इलेक्ट्रॉनांची वाट अडवते, तेव्हा डोळ्यांना हिरवेगार दिसणारे पान कॅमेऱ्यात अधिक उजळते.

आक्षेप असा, की पाण्याच्या ताणात हे गुणोत्तर बराच काळ ढळत नाही. खरे आहे, पान आधी पर्णरंध्रे मिटते, यंत्रणा शाबूत राहते. पण यातून तंत्र खोटे ठरत नाही, एकाच आकड्यावरची भिस्त चुकीची ठरते. उजेडात मोजमाप घेऊन जोडीला उष्णता टिपणारा कॅमेरा लावला, की रंध्रे मिटून तापलेले पान लपत नाही. थंडी, रोग, नत्राची उणीव यांतले नेमके कारण मात्र केवळ प्रतिदीप्तीवरून ठरवता येत नाही. डाग कुठून पसरतो, एवढा धागा चित्र देते. निदान पुढच्या तपासणीचे काम. हजारो रोपांतून कणखर वाण निवडणाऱ्याला आधी कोणते रोप तपासायचे हे कळले, तरी पुष्कळ झाले.