विनोद कोणाचा लक्षात राहतो?

‘बायकांना विनोद जमत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. 2007 साली ख्रिस्तोफर हिचन्स या पत्रकाराने ‘व्हॅनिटी फेअर’ या अमेरिकन मासिकात याच मताचा लेख लिहिला आणि त्यावर बराच वाद झाला. पण वाद घालून असे प्रश्न सुटत नाहीत. विधान तपासून पाहावे लागते.

तपासण्यात एक अडचण आहे. विनोद ऐकताना तो कोण सांगते आहे हेही आपल्याला दिसत असते. मग आपण विनोदाला किती हसलो आणि सांगणाऱ्याकडे पाहून किती, हे वेगळे कसे करायचे? उपाय सोपा आहे. सांगणाराच लपवायचा!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत लॉरा मिकेस, निकोलस ख्रिस्टेनफेल्ड व सहकाऱ्यांनी हेच केले. त्यांचा हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. 16 पुरुष व 16 स्त्रिया यांना त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मधली 20 व्यंगचित्रे दिली. प्रत्येक चित्राखाली गमतीदार ओळ लिहायची होती. मग लेखकांची नावे न सांगता या ओळी 81 परीक्षकांपुढे दोन-दोन करून ठेवल्या. जास्त गमतीदार वाटेल ती पुढच्या फेरीत, दुसरी बाद. ओळी 32, म्हणजे फेऱ्या पाच. जिंकलेल्या प्रत्येक फेरीला एक गुण.

निकाल काय लागला? पुरुषांची सरासरी 0.11 गुणाने जास्त भरली. स्त्री परीक्षकांच्या मते तर फरक याहूनही कमी होता.

खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या प्रयोगात ओळीबरोबर ती पुरुषाची की स्त्रीची हेही सांगितले आणि नंतर आठवायला लावले. तेव्हा लोकांनी चांगल्या ओळी पुरुषांच्या नावावर जमा केल्या आणि फिक्या ओळी स्त्रियांच्या! समजूत अशी स्वतःच स्वतःला पुरावा पुरवते. स्त्रीने केलेला चांगला विनोद आठवणीत पुरुषाच्या खात्यावर जातो आणि समजूत आणखी पक्की होते.

मग फरक मुळीच नाही का? तसेही म्हणता येत नाही. 2020 साली 28 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यात सुमारे 63 टक्के पुरुष स्त्रियांच्या सरासरीच्या वर आढळले. फरक मुळीच नसता तर हा आकडा 50 आला असता. म्हणजे सरासरीत थोडा फरक आहे. तो जन्मजात की वाढवण्यातून आलेला, हे या आकड्यावरून ठरत नाही. शिवाय दोन्ही गटांची बहुतेक माणसे एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यामुळे समोरची एखादी मुलगी विनोदी आहे की नाही, हे सरासरीवरून सांगता येणार नाही.

स्नेहसंमेलनात विदूषकाची भूमिका कोणाला द्यायची, हे आपण आठवणीवरून ठरवतो. त्याऐवजी हा प्रयोग वर्गात करून पाहा. फळ्यावर एक चित्र काढा. प्रत्येकाला निनावी ओळ लिहायला सांगा. चिठ्ठीच्या मागे फक्त क्रमांक असू द्या. आधी वर्गाला गुण देऊ द्या, मग प्रत्येक ओळ मुलाची की मुलीची याचा अंदाज लिहायला सांगा आणि शेवटी क्रमांकांची यादी उघडा. गुणांपेक्षा अंदाज कुठे चुकले, यावरच वर्गात जास्त चर्चा होईल.