दर्शनी वीट: गिलाव्याविना भिंत

दर्शनी वीट म्हणजे गिलावा न करता उघडी ठेवायची भाजकी वीट. चूक झाकायला इथे काहीच नसते. भारतीय मानकातली मॉड्यूलर वीट १९०×९०×९० मिमीची. १० मिमी सांधा धरला की २०० मिमीचा हिशेब जुळतो. दारे-खिडक्या त्याच पटीत आखल्या तर विटा फारशा तोडाव्या लागत नाहीत. भट्टीगणिक छटा बदलते, म्हणून दोन-तीन गाड्यांतल्या विटा मिसळून लावाव्यात. नाहीतर भिंतीवर पट्टे उठतात. विटेवर सांडलेला सांध्याचा माल ओला पुसू नये, डाग पसरतो. थोडा सुकला की ब्रशने झाडावा. खरी डोकेदुखी पांढऱ्या खाराची. विटेतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन पृष्ठभागावर सुकतात. मागणीआधी नमुन्याच्या विटा डिस्टिल्ड पाण्यात २५ मिमी बुडतील अशा उभ्या ठेवाव्यात आणि पाणी आटू द्यावे. दाट थर आला, तर ती भट्टी सोडून द्यावी.