परसातली पाखरे

बॉथेलमध्ये ज्यांच्या घरामागे थोडेसे परस आहे त्यांच्याकडे गाणारे पक्षी बाराही महिने येऊ शकतात. काळी टोपी घातल्यासारखी दिसणारी चिकडी, काळ्या डोक्याचा जंको, तपकिरी साँग स्पॅरो, तांबूस छातीचा रॉबिन आणि लाल डोळ्यांचा टोही हे भर हिवाळ्यातही इथे दिसतात. त्यांना बोलवायचे कसे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. पण पाहुण्यांना जेवायला बोलावले की ताटवाटी स्वच्छ ठेवावी लागते. पाखरांचेही तसेच आहे.

पक्ष्यांना मुख्यतः तीन गोष्टी लागतात: अन्न, पाणी आणि लपायला जागा.

अन्न म्हटले की आपल्याला आधी दाण्यांचा फीडर आठवतो. पण यातले बहुतेक पक्षी आपल्या पिलांना दाणे नव्हे, तर अळ्या आणि किडे भरवतात. चिकडीला एका खेपेची पिले वाढवायला हजारो अळ्या लागतात. या अळ्या परदेशी शोभेच्या झाडांवर फारशा होत नाहीत. इथल्या मूळच्या झाडाझुडपांवर भरपूर होतात. राजधानी वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील परसांत चिकडीच्याच एका भाऊबंदाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जिथे स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून कमी होता, तिथे त्या पक्ष्यांची संख्या टिकून राहण्याइतकी पिले वाढत नव्हती.

आपल्या भागातली सोपी झुडपे म्हणजे रेड-फ्लॉवरिंग करंट, ऑरेगन ग्रेप, सर्व्हिसबेरी आणि स्नोबेरी. यांच्यावर किडे येतात, फळे धरतात आणि फांद्यांत लपताही येते. झाडांवर कीटकनाशक मात्र फवारू नये. वाळलेली पानेही सगळी झाडून काढू नयेत. टोही दोन्ही पायांनी ती पाने उकरून खालचे किडे शोधतो.

आता पाणी. बॉथेल पावसाचे गाव खरे, पण जुलै-ऑगस्टमध्ये इथे फार कमी पाऊस पडतो. भारतात उन्हाळ्यात गच्चीवर मातीच्या भांड्यात पाणी ठेवतात, तसेच इथेही ठेवावे. भांडे उथळ हवे; एक ते दोन इंच पाणी पुरते. पाणी दिवसाआड बदलावे, म्हणजे डास होत नाहीत.

फीडर लावायचा असेल तर सूर्यफुलाच्या काळ्या बिया सर्वांत चांगल्या. उरलेला भात, पाव, शेव-चिवडा बाहेर टाकू नये. मीठ-मसाला पक्ष्यांना बाधतो आणि खरकट्याला उंदीर येतात.

जबाबदारीची गोष्ट इथे येते. २०२०च्या शरद ऋतूत कॅनडाच्या जंगलांत सूचिपर्णी झाडांना बी कमी आले. त्यामुळे पाइन सिस्किन नावाचे छोटे पक्षी मोठ्या संख्येने दक्षिणेकडे उतरले आणि घरोघरच्या फीडरवर गर्दी करू लागले. एका आजारी पक्ष्याची विष्ठा दाण्यांत पडली, की तेच दाणे खाणाऱ्या इतरांना साल्मोनेला या जंतूची लागण होते. त्या हिवाळ्यात आपल्या राज्यात असे कितीतरी पक्षी मेले. शेवटी राज्याच्या वन्यजीव खात्याने लोकांना २०२१च्या १ एप्रिलपर्यंत तरी फीडर काढून ठेवण्याची विनंती केली. लोकांनी प्रेमाने टांगलेले फीडरच रोग पसरण्याची जागा झाले होते.

म्हणून फीडर निदान दोन आठवड्यांनी एकदा आधी साबणाने धुवावा. मग नऊ भाग पाणी आणि एक भाग ब्लीच यांच्या मिश्रणात दहा मिनिटे बुडवावा, खळखळून धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच भरावा. हे काम मोठ्या माणसांबरोबर, हातमोजे घालून करावे. खाली सांडलेले दाणेही उचलावेत. एखादा पक्षी पिसे फुलवून सुस्त बसला असेल आणि जवळ गेले तरी उडत नसेल, तर तो आजारी समजावा. अशा वेळी फीडर लगेच उतरवावा. पक्ष्याला हात लावू नये, कारण हा आजार माणसांना आणि मांजरांनाही होऊ शकतो.

काचेचाही विचार करावा. काचेत झाडे आणि आकाश दिसते आणि पक्षी जोराने आदळतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवले की आदळणे पुष्कळ कमी होते. मांजर असेल तर ते घरातच ठेवावे.

शेवटी आपल्या चिऊताईबद्दल. भारतात चिमण्या कमी होऊ लागल्या म्हणून नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’ने पुढाकार घेतला आणि २०१० पासून २० मार्च हा ‘जागतिक चिमणी दिन’ झाला. तिकडे लोक तिच्यासाठी कृत्रिम घरटी टांगतात. अमेरिकेत मात्र चिमणी मूळची नाही. १८५०च्या दशकात तिला युरोपातून न्यूयॉर्कला आणून सोडले. ती इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते. त्यामुळे चिकडीसाठी घरटे टांगताना त्याचे भोक सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून थोडे लहान ठेवतात. त्यातून चिकडी आत जाते, चिमणी जाऊ शकत नाही. एकच पाखरू एका देशात जपायचे असते आणि दुसऱ्या देशात त्याला थोडे दूर ठेवावे लागते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमचे सांगणे एवढेच: फीडर वेळेवर धुणे जमणार नसेल तर तो लावूच नका. त्याऐवजी पाऊस सुरू झाला की ऑक्टोबरमध्ये एक स्थानिक झुडूप लावा. ते धुवावे लागत नाही, आणि दर वर्षी अधिक पाखरांना पोसते. तुमच्याकडे कोणकोण आले ते तारखेसह वहीत लिहा आणि वर्गात घेऊन या.