तोफ वितळली, पदक झालं

काशाची वाटी आपल्या ओळखीची. तांबं आणि कथील मिसळलं की कासं होतं. पूर्वी तोफाही अशाच धातूच्या ओतत. अशा काही तोफा वितळवून जर्मनीत पदकं केली गेली. त्यांची गोष्ट आज आम्ही सांगतोय.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. तेव्हा जर्मनी हा एक देश नव्हता, अनेक राज्यं होती. ती प्रशियाच्या बाजूनं लढली. २ सप्टेंबरला सेदान गावी फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन शरण आला. पुढे १८ जानेवारी १८७१ रोजी प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म जर्मन सम्राट म्हणून जाहीर झाला.

या विल्हेल्मनं २० मे १८७१ रोजी युद्धाचं स्मृतिपदक सुरू केलं. रणभूमीवर गेलेल्यांना काशाचं पदक मिळालं. ते जिंकलेल्या फ्रेंच तोफांच्या धातूचं होतं आणि कडेवर तसं कोरलेलंही होतं. पुढच्या बाजूला शब्द होते, ‘विजयी सैन्यास’.

पण युद्ध नुसत्या बंदुकीवर चालत नाही. जखमींना सांभाळायला, मागची कामं उरकायलाही माणसं लागतात. जे लढाईत नव्हते पण अशा कामी आले, त्यांना पोलादाचं पदक दिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘युद्धातील कर्तव्यनिष्ठेसाठी’. म्हणजे युद्ध एक, पण पदकाचा धातू कामाप्रमाणे वेगळा.

आणि बायका? सम्राज्ञी ऑगस्टा हिच्या पुढाकारानं १८६६ सालीच तिथे महिलांची संघटना उभी राहिली होती. या युद्धात तिच्या सभासदांनी जखमींची शुश्रूषा केली. अशी सेवा करणाऱ्या स्त्रियांसाठी २२ मार्च १८७१ रोजी, सम्राटाच्या वाढदिवशी, खास सेवापदक सुरू झालं. त्यावर छोटा लाल क्रॉस होता.

१८९५ साली युद्धाला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा पदकाच्या फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या लावायची मुभा मिळाली. सेदानचं नाव असं छातीवर आलं. रात्ररात्र जागून जखमा धुतल्या, त्या जागांच्या नावाची पट्टी मात्र निघाली नाही.

आपल्या गावातही सत्कार होतात. मंडप कुणी सजवला, पंगतीचा स्वयंपाक कुणी केला, आजाऱ्याजवळ कोण बसलं, तीही नावं गटाच्या वहीत लिहून ठेवूया. त्याला तोफ वितळवावी लागत नाही, पेन पुरतं.